मेगाराचं काय करायचं? सिनेमावर बेतलेल्या ग्रीक पुराणकथांच्या कादंबऱ्या

उंबरठा (धागालेखक):
डिस्नेच्या 'हर्क्युलीस'वर (1997) बेतलेली 'गो द डिस्टन्स' ही जेन कॅलोनिटा यांची किशोर-कादंबरी 2021 साली आली. सिनेमाच्या शेवटी हर्क्युलीस देवपद सोडून मेगसोबत (म्हणजे मेगारासोबत) पृथ्वीवर राहतो. कादंबरी तिथेच रूळ बदलते: मेगलाच देव व्हावं लागलं तर? त्यासाठी तिला कामगिरी मिळते. तिला सोडून गेलेल्या प्रियकराची बायको पाताळातून परत आणायची.

माझ्या मते ही नकलेची नक्कल. मोडतोड सिनेमानेच सुरू केली. सिनेमात देवांची राणी हेरा त्याची आई आहे. जुन्या कथेत ती हेराक्लीसची (हर्क्युलीसचं ग्रीक नाव) आई नव्हे, जन्माची वैरीण. आई म्हणजे अल्कमेनी, मर्त्य बाई. पंखवाल्या घोड्याचा, पेगॅससचा, त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तो मेड्युसा राक्षसिणीच्या रक्तातून जन्मला आणि बेलेरोफॉन या दुसऱ्याच वीराचं वाहन झाला. तिघींत एक डोळा वाटून घेणाऱ्या म्हाताऱ्या म्हणजे ग्राइया. सिनेमाने तो डोळा आयुष्याचा धागा कापणाऱ्या नियतीदेवींना देऊन टाकला. आणि मेगारा तर नवऱ्याच्या, हेराक्लीसच्याच, वेडापायी पोटची मुलं गमावलेली राजकन्या! कादंबरी यातलं काही दुरुस्त न करता वर आणखी एक मजला चढवते. तेराव्या वर्षी वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं, मग निघत नाही.

तिसरी घंटा:
असहमत. 'मूळ' कोणतं ते आधी ठरवा. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात (इ.स.पू. 416च्या सुमारास) हेराक्लीस पाताळातलं काम उरकून घरी येतो आणि मग वेडाच्या भरात मुलांसकट मेगारालाही मारतो. अपोलोडोरसच्या नावावरच्या पुराणकथांच्या संग्रहात क्रम उलटा. मुलं आधी आगीत जातात, हेराक्लीसची बारा कामं त्यानंतर येतात, आणि मेगारा जिवंत राहते. पुढे हेराक्लीसच तिला पुतण्याला, इओलाओसला, देऊन टाकतो. एका कथेत मेली, दुसरीत नांदली. आता यातली खरी कुठली? 'ययाति' महाभारताबरहुकूम नाही म्हणून खांडेकरांना कोणी फळीवरून खाली उतरवलं नाही.

उंबरठा:
खांडेकरांसमोर महाभारत होतं. इथे समोर आहे एक कार्टून आणि कंपनीच्या मालकीची पात्रं.

जात्यावरची:
अहो, तुम्ही दोघं चुकीच्या बाईवरून भांडताय. सिनेमातली मेग नावाने मेगारा आहे, पण तिची गोष्ट अल्केस्टिसची. युरिपिडीसचंच नाटक, इ.स.पू. 438. अ‍ॅडमेटस राजाचं मरण टळणार, पण बदल्यात दुसऱ्या कुणीतरी मरायचं. म्हातारे आईबाप नकार देतात, बायको अल्केस्टिस तयार होते. तेवढ्यात हेराक्लीस पाहुणा म्हणून येतो, यथेच्छ पितो, मग खरा प्रकार कळल्यावर थडग्यापाशी मृत्यूशी कुस्ती करून तिला परत आणतो.

आता सिनेमा बघा. मेगने प्रियकराच्या जिवासाठी पाताळाच्या देवाला, हेडीसला, आत्मा विकलेला, आणि तो पठ्ठ्या दुसरीबरोबर निघून गेलेला. शेवटी ती हर्क्युलीसला वाचवताना खांबाखाली सापडते आणि तो तिला मृतांतून आणतो. एका अल्केस्टिसचं मरण दोनदा वापरलंय. (आपल्याकडे यमाच्या मागे सावित्री जाते. इथे बायको मरते आणि आणायला जातो पाहुणा!)

आणि नाटकाच्या शेवटी अल्केस्टिस बुरखा घेऊन उभी राहते, एक शब्द बोलत नाही. तीन दिवस बोलायचं नाही, असं हेराक्लीस सांगतो. कादंबरीत मेग स्वतः पाताळात उतरते, तेही दुसरीच्या बायकोपणासाठी, ज्या माणसाने तिला फसवलं त्याच्या घरासाठी. जिला आणलं जात होतं तीच आता आणायला जाते. कामगिऱ्या करून मर्त्य बाईने देव होणं तर सायकीच्या कथेत आहेच (रोमन लेखक अप्युलीअस, इसवी सनाचं दुसरं शतक): धान्य निवडणं, सोनेरी लोकर, पाताळनदी स्टिक्सचं पाणी, शेवटी पाताळातून डबी. चढवलेला मजला जुन्याच जोत्यावर उभा आहे.

धृपद:
जोतं जुनं असेल, बांधकामाचं बोला. वळण जितकं उशिरा घ्याल तितका सिनेमा पुन्हा सांगावा लागत नाही, हा फायदा. पण तोवर हेडीस मृतात्म्यांच्या नदीत बुडालेला असतो. तोच खलनायक परत वर काढला की पहिल्याइतका धाक उरत नाही.

दुसरी अडचण गाण्यांची. सिनेमात मेग प्रेम नाकारते आणि पुतळे झालेल्या कलादेवी तिला गाण्यातच खोटं पाडतात. नकार एकीचा, खोडून काढणाऱ्या पाच, गंमत त्या अंतरात आहे. कागदावर दोन्ही बाजू एकाच डोक्यात कोंबल्या की उरतं पानभर 'मला तो आवडतो का, छे, आवडतो का'. असं लिहायचं तर खोडून काढणारा आवाज बाहेरच्या पात्राला द्यावा. बहुतेक सिनेमा-कादंबऱ्या इथेच फसतात; वंशावळ चुकल्याने कोणी पुस्तक मिटत नाही.

कोपऱ्यातला दिवा:
मुलांना द्यायचं असेल तर क्रम असा ठेवा. सिनेमा, कादंबरी, मग लगेच 'अल्केस्टिस'. जेमतेम 1,160 ओळी, एका बैठकीत होतं. युरिपिडीसचं हेराक्लीसवरचं नाटक दोनेक वर्षांनी, कारण त्यात बाप मुलांना बाणांनी मारतो. वाचताना दोन रकाने करायला सांगा: सिनेमात कोण, जुन्या कथेत कोण. हेरापाशी पहिली गाठ बसते, तिथे उत्तर लगेच देऊ नका, शोधू द्या. उलटा क्रम, म्हणजे आधी नाटक मग कादंबरी, टाळा. कादंबरी मग केवळ चुका मोजण्यासाठी वाचली जाते. या धाग्यात नेमकं तेच झालंय.

उंबरठा:
टोमणा पोचला. अल्केस्टिसचा मुद्दाही मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण हेरा मान्य नाही. हेराक्लीस या नावाचाच अर्थ 'हेराची कीर्ती', आणि तिच्या द्वेषाशिवाय कथेला इंजिन नाही. तिला प्रेमळ सासू करून मेगला देवांच्या पर्वतावर, ऑलिम्पसवर, न्यायचं म्हणता. पण जुन्या कथेत देव झालेल्या हेराक्लीसचं तिथे तारुण्याच्या देवीशी, हीबीशी, लग्न लागतं. तिचं काय करायचं?

तिसरी घंटा:
हीबी हेराचीच मुलगी. म्हणजे सिनेमाच्या हिशेबाने हर्क्युलीसची सख्खी बहीण. डिस्नेने तिला घरात घेतलं नाही, हे बरंच झालं म्हणायचं!