व्हायरल असलं तरी औषध असतं

वर कुणीतरी लिहिलंय की मेंदूज्वर व्हायरल असेल तर औषध नसतंच, नुसती वाट बघायची. एन्टेरोव्हायरस (आतड्यात वाढणारे विषाणू) यांच्यामुळे मेंदूच्या आवरणाला सूज आली असेल तर हे बऱ्यापैकी खरं आहे. नवजात बाळं सोडली तर बहुतेक मुलं त्यातून आपोआप सावरतात. पण हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूने मेंदूलाच सूज आली असेल तर तसं अजिबात नाही! त्यावर असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध शिरेतून देतात, तेही रिपोर्ट यायच्या आधीच, कारण उशीर झाला तर मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. सुरुवातीला पाठीतल्या पाण्याची पीसीआर (विषाणू शोधणारी तपासणी) निगेटिव्हही येऊ शकते, मग दोन-चार दिवसांनी पुन्हा करावी लागते. तापात मूल असंबद्ध बोलायला लागलं, आईलाही ओळखेना, किंवा झटका आला तर कृपया लगेच दवाखाना गाठा. गोवराचा विषाणू तर क्वचित कित्येक वर्षांनी मेंदूत डोकं वर काढतो, आणि तो टाळायला लसच लागते.