मिलाग्रिस सायबीण, कणसांचे फेस्त आणि गावाने घडवलेला ख्रिस्ती धर्म

प्रश्न – म्हापशेकर
ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी गोव्यातल्या म्हापशात मिलाग्रिस सायबिणीचे, म्हणजे चमत्कार करणाऱ्या मेरी मातेचे, फेस्त (चर्चचा उत्सव) भरते, तेव्हा मेणबत्ती घेतलेल्या ख्रिस्ती बायकांच्या रांगेतच कुंकू लावलेल्या हिंदू बायका तेल वाहायला उभ्या असतात. त्यांच्या लेखी ही सायबीण म्हणजे शिरगावच्या लईराई देवीची बहीण, सात बहिणींपैकी मिराबाई. बाहेरून आलेल्या धर्माला हे रूप मिशनऱ्यांनी जाणूनबुजून दिले, की गावाने आपल्या पद्धतीने घडवले? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – साष्टीकर
मिशनऱ्यांचा वाटा नाकारता येणार नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट पंथाच्या पाद्रीने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली आणि ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांसाठी त्यांच्याच परंपरेतला छंद त्याने निवडला. मात्र त्याच चर्चची दुसरी बाजू अगदी उलटी होती. इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ च्या फर्मानाने लग्नातली हळद, दारातली तुळस आणि असे कितीतरी रिवाज ख्रिस्ती घरांत बंद केले. तरीही आज ख्रिस्ती लग्नाच्या आदल्या दिवशी ‘रोस’ होतोच: नारळाचा रस वर-वधूच्या अंगाला चोळतात, बायका गाणी म्हणतात. हळदीची जागा नारळाने घेतली, पण लग्नाआधी आप्तेष्टांच्या हातून न्हाऊ-माखू घालण्याचा विधी टिकला. बंदी असूनही जे टिकले, ते धोरण म्हणून टिकलेले नाही, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर – रायकार
मला वाटते, खरी किल्ली गांवकरीत आहे. गावची जमीन सामाईकपणे सांभाळणारी ही संस्था पोर्तुगिजांनी मोडली नाही, तिला ‘कोमुनिदाद’ म्हणून मान्यता दिली. पूर्वी देवळाचा खर्च आणि मानपान पाहणारी घराणीच पुढे चर्चच्या काँफ्रारियांत (भाविकांच्या मंडळांत) आणि फेस्तांत पुढे राहिली. आमच्या राय गावात ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. वाजतगाजत शेतावर जायचे, पाद्रीने आशीर्वाद देऊन विळ्याने पहिली कणसे कापायची, मग ती वेदीवर आणि घरोघर पोचवायची. आमच्याकडे ती कणसे घरातल्या क्रुसापाशी ठेवतात. ताळगावात हेच २१ ऑगस्टला होते. हिंदू शेजारी नवे पीक आपल्या दारावर बांधतात, त्यात आणि यात शेतकऱ्याचा भाव एकच आहे: नवे धान्य आधी देवाचे, मग आपले.

उत्तर – अंत्रुजकार
रायकारांशी मी सहमत आहे, फक्त गांवकरीबरोबर जातही आत आली, हे स्पष्ट लिहायला हवे. बामण, चाड्डे, सुदीर हे ख्रिस्ती समाजातले जातिभेद बाप्तिस्म्याने पुसले गेले नाहीत आणि काही गावांत काँफ्रारियांचे सभासदत्व, पर्यायाने फेस्त साजरे करण्याचा मान, ठरावीक घराण्यांपुरताच राहिला. स्थानिक संस्कृतीने धर्म घडवला म्हणताना आपण रोस आणि कणसांचे कौतुक करतो, पण ज्यांना त्या मानापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले, त्यांच्यासाठी तीच स्थानिक संस्कृती होती. दुसरे असे की ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. आमच्या अंत्रुज महालात (फोंडा भागात) कवळ्याच्या शांतादुर्गेचे अठराव्या शतकातले मंदिर पाहा: घुमट, कमानीच्या खिडक्या, भिंतींतले अर्धस्तंभ, सारे चर्चच्या वास्तूतून आलेले. चर्च बांधून हात बसलेल्या गवंड्यांची कारागिरी देवळांनी बिनदिक्कत स्वीकारली आणि आज त्यालाच आपण गोमंतकीय मंदिरशैली म्हणतो.