गणवेशाची फॅशन झाली की त्याचा मान जातो का?

चांदणचुरा:
फौजेच्या गणवेशातून आलेले कपडे, म्हणजे कार्गो पँट, बॉम्बर जॅकेट, कॅमोफ्लाज (लपण्यासाठीचे हिरवे-तपकिरी डाग) टीशर्ट सगळीकडे दिसतात, दिसायला छानच असतात, पण मला ते मनापासून खटकतं. गणवेश कमवावा लागतो. ट्रेंच कोटच घ्या, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी चिखलाच्या खंदकात तो घालून उभे असायचे, खांद्यावरच्या पट्ट्या हुद्द्याच्या खुणेसाठी होत्या. आता त्या नुसत्या शोभेला. ज्या कपड्यात माणसं मेली तो आपण पार्टीला घालतो आणि कुणालाच काही वाटत नाही?

उसवण:
नाही पटलं. ट्रेंच कोट ज्याचा शिवायचे ते गॅबर्डिनचं कापड थॉमस बर्बरीनं १८७९ मध्येच काढलं होतं, तेव्हा महायुद्धाचा पत्ताही नव्हता. आणि तो कोट अधिकारी स्वतःच्या पैशानं विकत घ्यायचे, साध्या शिपायाला तो मिळायचाच नाही! म्हणजे खंदकात मेलेल्या बहुतेकांच्या अंगावर तो नव्हताच. त्यात मान किती आणि ऐपत किती हेही बघा ना. शिवाय टीशर्ट? अमेरिकन नौदलानं १९१३ च्या सुमारास तो गणवेशाच्या आत घालायला दिला. मग तोही सोडायचा का सगळ्यांनी?

चांदणचुरा:
टीशर्टवर हुद्दा नसतो हो, तो आतला कपडा. मी खुणांबद्दल बोलतेय, पट्ट्या, बिल्ले, कॅमोफ्लाज. बार्बाडोस आणि जमैकात सामान्य माणसानं कॅमोफ्लाज घालणं गुन्हा आहे, टूरिस्टलाही सूट नाही. समोरचा सैनिक आहे की नाही हे कपड्यावरून कळलंच पाहिजे, नाहीतर तोतयांचं फावतं.

काजबटण:
कायद्याचं ठीक आहे, पण अर्थ कधीच एका जागी थांबत नाही. फ्रेंच नौदलानं १८५८ मध्ये पट्ट्यापट्ट्यांचा बनियन ठरवून दिला, तो साध्या खलाशांसाठी, अधिकाऱ्यांसाठी नव्हे. पुढे फॅशन डिझायनर शनेलनं तो उचलला आणि श्रीमंत बायका समुद्रकिनारी मिरवायला लागल्या. ब्रिटिश खलाशाचा पोशाख तर १८४६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या छोट्या मुलाला घातला, त्याचं चित्र काढलं, मग युरोपभर मुलांना तसेच कपडे, आणि १९२० नंतर जपानमध्ये शाळकरी मुलींचा गणवेशच तो झाला. खलाशी, राजपुत्र, शाळकरी मुलगी. यातला खरा मालक कोण सांगा.

रानवाट:
माझे वडील फौजेत होते म्हणून चांदणचुरा यांची तळमळ पोचतेय, तरी मी उसवणच्या बाजूनं. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या अमेरिकेतल्या मोर्चांत तिथून लढून परतलेले सैनिक स्वतःचीच फील्ड जॅकेटं घालून चालले. तो गणवेश त्यांनी कमावलेलाच होता आणि तो घालूनच त्यांनी सरकारला जाब विचारला. आज तसलं जॅकेट घालणाऱ्या पोरांपर्यंत तीही गोष्ट आलीय, नुसती लष्कराची नाही. आणि गणवेश बघून सगळ्यांचीच छाती फुगते असं नाही, काहींना धडकी भरते. फॅशननं ती भीती थोडी बोथट केली तर माझ्या मते चांगलंच.

चांदणचुरा:
बोथट होते तेच तर धोक्याचं! नाझींचे गणवेश देखणे असावेत याची पुरेपूर काळजी घेतली होती, कारण देखणेपणानं माणूस दबतो, भुलतो. ते शिवणाऱ्यांत ह्यूगो बॉस ही कपड्यांची कंपनी होती, युद्धकाळात तिथे सक्तीनं आणलेले मजूर राबले, त्याबद्दल कंपनीनं २०११ मध्ये जाहीर खेद व्यक्त केला. असे कपडे 'नुसती स्टाईल' म्हणून बघायला लागलो की ते कुणी कुणाच्या जिवावर शिवले हे विसरायला फार वेळ लागत नाही.

उसवण:
हा मुद्दा मान्य, अगदी मान्य. पण तो त्या एका गणवेशाला लागू होतो, सगळ्यांना नाही.

निळीशाई:
सगळे फौजेवरच अडकलात. मी सफाईखात्यात आहे, कामाचा गणवेश घालून दुकानात शिरले की लोक बाजूला सरकतात. फ्रान्समधल्या कामगारांचं निळं जॅकेट आता भारी ब्रँड महागात विकतात, ते घालून कुणी आलं की 'काय क्लासी!'. कापड तेच, कट तोच. सैनिकाच्या मानाची काळजी इथे भरपूर झाली, कामगाराच्या कपड्याला तो मान आधी कधी होता का, हे कुणीच विचारलं नाही. मला त्या फॅशनचा राग नाही येत, बाजूला सरकणाऱ्यांचा येतो.