पेंटाच्या (पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या) पहिल्या डोसनंतर ताप आला, घरचे आता पुढचा द्यायला तयार नाहीत

अबोली: उपकेंद्राच्या यादीत चार महिन्यांचं, 6 किलोचं बाळ आहे. दीड महिन्याचे सगळे डोस झाले, पुढचे राहिले. त्या रात्री ताप आला, मांडी सुजली. तेव्हापासून आजी म्हणतात, "चांगल्या पोराला मुद्दाम आजारी कशाला पाडायचं?" आई तयार आहे, पण तिला वाटतं आता सगळं पहिल्यापासून द्यावं लागेल. त्यात बाळाला सर्दी. काय सांगू?

कृष्णाकाठ: पहिल्यापासून काहीच नाही. झालेला डोस वाया जात नाही, जिथे थांबलं तिथून पुढे. येत्या लसीकरण सत्रातच पेंटा-2, पोलिओ-2 (थेंब), रोटा-2 (जुलाबावरची लस). पहिल्या डोसला आठ आठवडे उलटून गेलेत, म्हणून आयपीव्ही (टोचायची पोलिओ लस) आणि पीसीव्हीचा (न्यूमोनियावरची लस) दुसरा डोसही त्याच दिवशी. मग चार आठवड्यांनी पेंटा-3. गोवर-रुबेला मात्र नऊ महिने पूर्ण झाल्यावरच.

नाक वाहतंय म्हणून बाळाला परत पाठवू नका. एकदा परत गेलेली आई पुन्हा येईलच असं नाही. मागच्या डोसनंतर तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल, किंवा सात दिवसांच्या आत शुद्ध हरपली असेल, झटके आले असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. नुसता ताप आणि सूज हे थांबण्याचं कारण नाही.

पारिजात: आजींना "ताप येणार नाही" असं चुकूनही सांगू नका. आला की पुढचं काहीच त्या ऐकणार नाहीत. पेंटात डांग्या खोकल्याचे अख्खे, मारलेले जंतू असतात. ताप बहुतेक त्यांच्यामुळे. एक-दोन दिवसांत उतरतो. हे सुई टोचायच्या आधी सांगायचं, आणि आजींच्या समोर, कारण घरात निर्णय त्यांचा आहे.

पॅरासिटामॉलचं माप हातात बाटली घेऊनच दाखवा. किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे या बाळाला 60 ते 90. थेंबांच्या बाटलीवर 1 मिलीत 100 मिलिग्रॅम लिहिलं असेल, तिथे 0.6 ते 0.9 मिली. 5 मिलीत 125 असलेलं सिरप असेल तर 2.5 ते 3.5 मिली. घोळ इथेच होतो: थेंबांचं औषध सिरप समजून चमचाभर पाजलं की थेट 500 मिलिग्रॅम पोटात जातं! ड्रॉपर किंवा सिरिंजनेच द्यायचं, दोन डोसांत सहा तास ठेवायचे. सुजेवर गार ओली घडी. चोळायचं नाही, हळद-तेल नाही. अंगावर लगेच पाजलं तरी चालतं.

अबोली: "खासगीत बिनतापाची मिळते" असंही घरात चाललंय.

कृष्णाकाठ: मिळते, तिच्यात जंतूचे निवडक घटक असतात, म्हणून ताप कमी. पण डांग्या खोकल्यापासूनचं तिचं संरक्षण लवकर ओसरतं. पैसे जमेपर्यंत डोस लांबवणं सगळ्यात वाईट, कारण हा खोकला तान्ह्या बाळालाच जास्त छळतो, श्वास थांबतो. डोसानंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवा आणि पुढची तारीख कार्डावर त्याच वेळी लिहून द्या. ताप दोन दिवसांहून जास्त टिकला, बाळ दूध ओढेना किंवा सुस्त पडलं, तर लगेच दवाखान्यात.