केळीचं पॅकहाउस : पाच ठेकेदार, अकरा संचालक आणि २० एप्रिल

रावेर_केळी | ५ डिसेंबर

राम राम मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं केळीचं पॅकहाउस रावेर तालुक्यात उभं राहतंय. धुलाई-पॅकिंगची लाइन, एक प्रीकूलिंग रूम (तोडलेला माल झटपट थंड करायची खोली), दोन कोल्ड रूम आणि चार पिकवण चेंबर. शेड उभी आहे, पत्रे चढलेत, आतली फरशी बाकी. मृगबागाचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीचा) माल एप्रिलअखेर सुरू होतो, म्हणून २० एप्रिल ही तारीख धरलीय. कर्ज दीड कोटीचं, व्याज १० टक्के, ते चालू झालंय.

ठेकेदार पाच : सिव्हिल, पफ पॅनल (कोल्ड रूमच्या भिंतींचे, आत फोम भरलेले), रेफ्रिजरेशन, वीज आणि धुलाई लाइन. शनिवारच्या मिटिंगला सगळे टक्के सांगतात. सिव्हिल ८० टक्के, पॅनल ६० टक्के. पण पॅनलवाला फरशीसाठी थांबलाय, फरशीवाला ड्रेनच्या पाइपसाठी, आणि रेफ्रिजरेशनवाला म्हणतो ड्रेन माझ्यात नाही. कुणाचा पायपोस कुणात नाही.

त्यांनी दिलेले दिवस असे. फरशीचं इन्सुलेशन आणि काँक्रीट १२, पॅनल चढवण्याआधी क्युरिंग (काँक्रीट पाणी मारून पिकू देणं) १०, पॅनल २०, दरवाजे ४, कूलर युनिट आणि पाइपिंग १८, टेस्ट आणि गॅस ५, ट्रायल १०. विजेचं : लोड ठरवणं ७, मंजुरी ३०, ट्रान्सफॉर्मर ७०, उभारणी १२, विद्युत निरीक्षकांची तपासणी २०, चार्जिंग (लाइनमध्ये वीज सोडणं) ५. लोडचा अर्ज अजून गेला नाही, कारण प्रीकूलिंग १० टनांचं ठेवायचं की १५ चं, यावर संचालक मंडळात चर्चा चालू आहे.

दोन प्रश्न. फरशीला दुप्पट मजूर लावले तर वेळ भरून निघेल का? आणि बाहेरचा प्रोजेक्ट कन्सल्टंट नेमावा का?

भुसावळ_यार्ड

भाऊ, सगळे फरशीवर भांडताहेत, पण तुमचं गाडं तिथं अडलेलंच नाही. तुमच्याच आकड्यांची बेरीज करा.

आजपासून २० एप्रिलपर्यंत १३६ दिवस आहेत. फरशीपासून ट्रायलपर्यंतची साखळी १२+१०+२०+४+१८+५+१० = ७९ दिवसांची. म्हणजे तिला ५७ दिवसांची सैल आहे. विजेची साखळी ७+३०+७०+१२+२०+५ = १४४. ट्रायल वीज आल्यावरच होणार, म्हणून वर १० धरा : १५४. तारीख आजच १८ दिवसांनी चुकलेली आहे. फरशीवर उद्या शंभर माणसं लावली तरी हे १८ दिवस कमी होणार नाहीत.

आता हीच साखळी वेगळी मांडा. ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर मंजुरी येईपर्यंत कशाला थांबवायची? लोड पक्का झाला की अर्ज आणि ऑर्डर एकाच आठवड्यात जाऊ द्या, मंजुरीचे ३० दिवस ट्रान्सफॉर्मरच्या ७० दिवसांच्या पोटात जातील. ७+७०+१२+२०+५+१० = १२४. बारा दिवस हातात राहिले. धोका एकच, मंजुरीत काही बदल निघाला तर ऑर्डर सुधारावी लागेल. म्हणून कोटेशनमध्ये मंजुरी येईपर्यंत बदल विनाशुल्क, असं लिहून घ्या आणि स्पेसिफिकेशन महावितरणच्या मान्यतेप्रमाणेच द्या.

सगळ्यात लांब साखळी शोधायची ही रीत १९५७ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीने बसवली आणि हिशोबाला युनिव्हॅक संगणक वापरला. तुमची कामं वीस-पंचवीसच आहेत, भिंतीवर कार्डशीट चिकटवला तरी भागेल. प्रत्येक कामाची चिठ्ठी, तिच्यावर तीनच गोष्टी : किती दिवस, आधी काय संपलं पाहिजे, जबाबदार माणूस कोण. चिठ्ठ्या संचालकांनी न लिहिता ठेकेदारांना एकत्र बसवून त्यांच्याच हाताने लिहायला लावा. ड्रेनचा प्रश्न त्याच दिवशी बाहेर येईल.

टक्के मात्र बंद करा, भो. काम एकतर झालंय (१००) नाहीतर झालेलं नाही (०). एखादं काम १० दिवसांपेक्षा मोठं असेल तर त्याचे तुकडे पाडा. '८० टक्के' ऐकलं की विचारायचं : उरलेलं काय, आणि ते कुणामुळे उरलंय?

रेल्वेत ब्लॉक घेतात ना, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या थांबवतात, तसं बघा. तीन तासांचा ब्लॉक मिळाला की घड्याळ चालू होतं, रुळांखालचे स्लीपर आले नाहीत म्हणून ते थांबत नाही. म्हणून सामान, माणसं, मशीन आणि परवाना आदल्या दिवशीच मोजून ठेवतात. पॅनलची गँग बोलावण्याआधी तेच करा : फरशी कोरडी, माप तपासलेलं, दरवाजे साइटवर, मचाण तयार. चारही 'हो' असतील तरच फोन.

शीतगृह_धुळे

यार्डवाल्या भाऊंचं गणित बरोबर आहे. फक्त त्या पहिल्या ७ दिवसांत नक्की काय ठरणार, ते सांगतो, कारण १० टन की १५ टन हा नुसता खोलीच्या आकाराचा प्रश्न नाही.

१० टन केळी ३२ अंशांवरून १३.५ वर ८ तासांत आणायची तर फक्त मालाची उष्णता काढायला साधारण २१.५ किलोवॅट, म्हणजे सव्वासहा टनांच्या आतलं रेफ्रिजरेशन लागतं (हा टन वजनाचा नाही, थंडाव्याचा : एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट). १५ टनांना ते ३२ किलोवॅट, नऊ टनांच्या वर. यात पंखे, दरवाजाची हवा, भिंतीतून येणारी उष्णता आणि केळीच्या श्वसनाची उष्णता धरलेली नाही. कॉम्प्रेसर वाढला की केबल, पॅनल बोर्ड, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, सगळं हलतं. म्हणून हा निर्णय भिजत ठेवलेला प्रत्येक दिवस थेट तुमच्या त्या बारा दिवसांतून जाईल. मधला मार्ग आहे : मशीन १० टनांचं घ्या, खोली, ट्रान्सफॉर्मर आणि केबल-ट्रेंच १५ चा हिशोब धरून ठेवा. दुसरं युनिट पुढच्या वर्षी बसवता येतं.

कंडेन्सर (आतली उष्णता बाहेर टाकणारा भाग) किती अंशांच्या बाहेरच्या तापमानावर निवडलाय ते कोटेशनमध्ये बघा. ३५ लिहिलं असेल तर परत पाठवा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ होतं आणि नेमका तेव्हाच माल असतो.

आता ड्रेन. दोन ठेकेदारांच्या कामाचा जिथे सांधा येतो, तिथली वस्तू कुणाच्याच कोटेशनमध्ये नसते. कोरी वही घ्या आणि प्रत्येक सांध्यापुढे एकच नाव लिहा. सांधे साधारण हे :

कूलर युनिटचं ड्रेन. फरशीच्या आत पाइप टाकणार सिव्हिल, पण जागा, उतार आणि ट्रॅप रेफ्रिजरेशनवाल्याने सही केलेल्या ड्रॉइंगवर द्यायचा. काँक्रीट पडल्यावर ड्रेन आठवलं की फरशी फोडतात, खालचा वाफरोधक कागद फाटतो आणि तिथून ओल चढते.

पॅनलला पाडायची भोकं. पाडणार कोण हे सगळे लिहितात, सील कोण करणार हे कुणीच लिहीत नाही. उघड्या भोकातून दमट हवा पफमध्ये शिरते, आत पाणी धरतं, इन्सुलेशन मरतं. बाहेरून दोन वर्षं काही दिसत नाही.

बोर्डापासून कॉम्प्रेसरपर्यंतची केबल, दोन्ही टोकांच्या ग्लँडसकट. अर्थिंगचे खड्डे. धुलाई लाइनला पाण्याचा दाब किती हवा आणि तुरटीचं पाणी जाणार कुठे.

पिकवण चेंबरचा एक्झॉस्ट. हा सगळ्यात जास्त विसरला जातो. त्यातून कार्बन डायऑक्साइडबरोबर इथिलीनही (फळ पिकवणारा वायू) बाहेर पडतं. तोंड कोल्ड रूमच्या दरवाजाकडे असलं तर निर्यातीसाठी ठेवलेला हिरवा माल आतल्या आत पिकायला लागतो. एक्झॉस्ट छपराच्या वर आणि वारा जिकडे वाहून जातो त्या बाजूला काढा.

आणि फरशी घाईत ओतू नका. खाली काळी माती राहिली असेल तर ती काढून मुरूम १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलरने दाबलाय याची खात्री करा. पावसाळ्यात काळी माती फुगली की फरशी उचलते आणि सरकता दरवाजा अडकतो. तुमच्याकडे इथे ५७ दिवस आहेत, ते दाबणीला आणि क्युरिंगला वापरा. दुप्पट मजुरांनी काँक्रीट लवकर पिकत नाही.

हिशोब_चोपडा

दोघांनी कामाचं सांगितलं, मी अकरा जणांचं सांगते. कारण हे ७ दिवस तांत्रिक नाहीतच, ते मंडळाचे आहेत.

उत्पादक कंपनीत संचालक ५ ते १५ असतात आणि कायद्याने पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो, तोही सभासदांबाहेरचा. अनेक ठिकाणी तो नावाला असतो. अनुदानाचे कागद तो करतो आणि ठेकेदार मात्र ज्याला जवळचा त्या संचालकाला फोन लावतो. मग एका संचालकाने दरवाजा डावीकडे सांगितला, दुसऱ्याने उजवीकडे. हा बारभाईचा कारभार थांबवायला एक ठराव पुरे :

ठेकेदारांना सूचना फक्त मुख्य कार्यकारी अधिकारी देईल, लेखी. ५० हजारांपर्यंतचा बदल तो स्वतः मंजूर करेल. ५ लाखांपर्यंत तीन संचालकांची बांधकाम समिती, ४८ तासांत. त्यावरचं मंडळ. समितीने ४८ तासांत उत्तर दिलं नाही तर अधिकाऱ्याची शिफारस मंजूर समजायची. हे शेवटचं वाक्य सोडू नका, सगळा जोर त्यातच आहे. (रकमा तुमच्या ऐपतीने बदला.)

बदल मागणाऱ्याने एका पानावर चार ओळी द्यायच्या : काय बदलायचं, खर्च किती, दिवस किती, आणखी कुणाचं काम हलतं. १५ टनांची मागणी या पानावर आली असती तर महिनाभर चर्चा झाली नसती. दिवसाची किंमतही मंडळासमोर ठेवा. दीड कोटीवर १० टक्क्यांनी महिन्याला सव्वा लाख व्याज होतं, १८ दिवसांचे ७५ हजार. रागलोभ बाजूला राहतात, आकडा बोलतो.

पैसे देण्याचे टप्पे बघा. माल साइटवर आला की ७० टक्के, अशी अट असेल तर ठेकेदाराला माल टाकून निघून जायची घाई असते. पॅनलसाठी २० टक्के आगाऊ (बँक गॅरंटीवर), माल आल्यावर ४०, बसवून सील झाल्यावर २५, खोली रिकामी थंड करून दाखवल्यावर १० आणि ५ टक्के वर्षभर राखून. ऑर्डर आधीच गेली असेल तर अटी एकतर्फी बदलता येत नाहीत. पण पुढचा हप्ता चार दिवस आधी देण्याच्या बदल्यात टप्पे सुधारून मागता येतात, बहुतेक जण कबूल होतात.

बँकेचं एक. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत जास्तीत जास्त ७ वर्षं मिळते, अर्ज केला नसेल तर करा. भांडवली अनुदान बहुधा काम झाल्यावर, तपासणीनंतर येतं. ते पैसे ठेकेदाराच्या शेवटच्या बिलासाठी धरलेत का? धरले असतील तर फेब्रुवारीत रोकड आटेल. मोजणी वही, बिलं आणि जागेचे अक्षांश-रेखांश असलेले फोटो दर आठवड्याला लावून ठेवा. फरशीखालचं इन्सुलेशन काँक्रीटखाली गेलं की तपासणीला दाखवायला फोटोच उरतो.

रावेर_केळी

ताई, दोन्ही भाऊ, आभार. मशीन १० टनांचं आणि वीज १५ ची, हे मंडळाला पटेल असं दिसतंय. कन्सल्टंटचं मात्र कुणी बोललं नाही. आणि वीज तरीही लांबली तर?

भुसावळ_यार्ड

कन्सल्टंट नेमा, पण अधिकार अधिकाऱ्याकडेच ठेवा. नाहीतर सहावा ठेकेदार वाढेल.

शीतगृह_धुळे

मी तर म्हणेन महिन्याच्या पगारावर नकोच. तीन भेटींचे पैसे द्या : फरशी ओतण्याआधी, प्रेशर टेस्टला आणि ट्रायलला. चुका तिथेच पुरल्या जातात.

प्रेशर टेस्ट नायट्रोजनने, २४ तास धरून. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे १४ आणि दुपारी ३२ अंश असतं. २० बारवर एवढ्यानेच काटा सव्वा बारच्या आसपास हलतो. दुपारी भरून पहाटे बघितलं तर गळती नसताना गळती वाटेल, पहाटे भरून दुपारी बघितलं तर असलेली गळती झाकली जाईल. आज सकाळी ७ चा आकडा उद्या सकाळी ७ च्या आकड्याशीच ताडायचा, शेजारी तापमान लिहून.

वीज लांबली तर टेस्ट आणि ट्रायल भाड्याच्या जनरेटरवर उरका, मग ट्रायलचे १० दिवस विजेच्या साखळीतून सुटतात. मात्र जनरेटर चालू लोडवर निवडू नका. मोटर थेट सुरू केली तर ६-७ पट करंट खेचते, स्टार-डेल्टाने (मोटर दोन टप्प्यांत सुरू करणाऱ्या स्टार्टरने) ते साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. कॉम्प्रेसर एकामागून एक, मध्ये दोन-तीन मिनिटं सोडून चालू करायचे. जनरेटर आजच सांगून ठेवा, मार्च-एप्रिलमध्ये लग्नसराईत मिळत नाहीत.

ट्रायलला आधी २४ तास खोली रिकामी. मग २ टन माल, मग ५, मग १०. खोलीच्या भिंतीवरचं तापमान बघून समाधान मानू नका, मधल्या खोक्यातल्या केळीच्या गरात सुई घालून मोजा. कूलरच्या तोंडाशी ठेवलेल्या खोक्यातही एक सुई ठेवा. मधलं खोकं १६ वर असताना तोंडाशी १२ झालं, तर तो माल पिकताना पिवळा न होता राखाडी पडतो. तसं झालं तर खोकी हलवा आणि मध्ये हवेची वाट सोडा, सेटिंगला हात लावू नका.