मदत हवी आहे: स्वतः जोडलेलं घड्याळ रात्रीच का बंद पडतं?

मंडळी, घड्याळांचा नाद असलेल्यांनी जरा इकडे लक्ष द्या. पंधरा दिवस डोकं खाजवतोय.

बाबांचं एचएमटी जनता माझ्याकडे आहे, देवनागरी आकड्यांचं. सकाळी दाढी झाली की ओल्या हातानेच त्याला चावी द्यायचे. ते मी वापरत नाही, आतलं काही बिघडलं तर बाबांच्या हातचं गेलं असं वाटत राहील. पण तसे आकडे हातावर हवे होते. 'जुनं ओरिजिनल एचएमटी' म्हणून विकायला येतात त्यातल्या बऱ्याच डायल नव्याने रंगवलेल्या असतात. (असल्या रंगरंगोटीला परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. नाव निघालं ते असं!) म्हणून म्हटलं, स्वतःच जोडू.

मशीन घेतलं सेकोचं एनएच ३५, हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं. २४ ज्वेल, तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावीवर ४१ तास. त्याला बसणारे काटे तयार मिळतात, भोकं ठरलेली: तासाचं १.५, मिनिटाचं ०.९, सेकंदाचं ०.२ मिमी. माझ्या डायलला तारखेची खिडकी नाही, त्यामुळे खरं तर एनएच ३८ घ्यायला हवं होतं. आता चावी ओढली की मधे एक फुकटचा टप्पा लागतो, तारीख आत अंधारात बदलत बसते. असो.

डायल एका नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून पितळी चकतीवर छापून घेतली. झकास झाली आहे, ५ चा आकडा तर अगदी बाबांच्या घड्याळासारखा. मागे पाय नाहीत (ज्यांनी डायल मशीनवर अडकते ते), म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टिकल्या लावून बसवली.

काटे बसवताना सेकंद काटा चिमट्यातून उडाला. दीड तास फरशीवर पालथा पडून शोधला, मिळाला बायकोच्या ओढणीत. घरात माझी किंमत काय उरली ते विचारू नका.

आता दुखणं. दिवसभर हातावर उत्तम चालतं, दिवसाला ८-९ सेकंद पुढे. या मशीनला उणे २० ते अधिक ४० चालतं, म्हणजे तक्रार नाही. रात्री काढून टेबलावर ठेवलं की सकाळी बंद. रोज नाही, दोन दिवसांआड. उचलून हलवलं की लगेच सुरू. किती वाजता थांबलं ते वहीत लिहून ठेवतोय: २:१०, १:०५, ३:१६, परत २:१०.

आधी वाटलं चावी कमी पडते, म्हणून झोपताना चाळीस फेरे देऊन पाहिले. तेच. मग वाटलं तारीख बदलताना भार येत असेल, पण ३:१६ ला कुठली तारीख? काटे आणि डायल काढून नुसतं मशीन ठेवलं तर ४० तासांनंतरही बॅलन्स (टिकटिक करणारं झुलतं चाक) हलत होता. जवळच्या दुरुस्तीवाल्यांनी न उघडताच सांगितलं, मशीन गेलंय, नवं टाका. तेल द्यावं का? की खरंच मशीन बदलू?

प्रतिसाद

तेल अजिबात देऊ नका आणि मशीनही बदलू नका. तुमच्या वहीतच उत्तर आहे. १:०५, २:१०, ३:१६ या वेळा कागदावर घड्याळ काढून बघा. तिन्ही वेळा मिनिट काटा तास काट्याच्या बरोबर डोक्यावर येतो. हे दर ६५ मिनिटांनी आणि वर थोड्या सेकंदांनी होतं, १२ तासांत ११ वेळा. तिथे काट्याला काटा घासतोय.

दिवसाही घासत असणारच, पण हाताच्या हालचालीने सुटतो. टेबलावर डायल वर करून ठेवलंत की आतल्या चाकांना जी किंचित मोकळीक असते तेवढा मिनिट काटा खाली उतरतो, आणि धक्का द्यायला कोणी नसतं. आज रात्री डायल खाली करून ठेवून बघा.

माझा संशय त्या टिकल्यांवर. त्यांच्या जाडीने डायल वर आली, म्हणून तास काटा तुम्हाला वरच ठेवावा लागला असेल. चावी ओढून काटे सावकाश बारा तास फिरवा आणि भिंग लावून आडव्या बाजूने बघा. दोन काट्यांमधून प्रत्येक ठिकाणी उजेड दिसला पाहिजे.

धागाकर्ता

दादा, साष्टांग नमस्कार! तीन रात्री पालथं ठेवलं, एकदाही थांबलं नाही. मग मोबाईलचा टॉर्च मागे धरून काटे फिरवले. १२ वर उजेडाची बारीक रेघ दिसते, १:०५ ला नाहीच. काटे काढले तर मिनिट काट्याच्या पोटाला हिरवट कण चिकटलेला. तास काट्यावरचं रेडियम टोकाशी फुगलेलं आहे, तेच खरवडलं जात होतं. वही दोन आठवडे समोर होती आणि मी तारखेला शिव्या घालत होतो.

आता पुढचा प्रश्न. टिकल्या काढायच्या तर डायलला पाय हवेत. पितळेला मागून डाग देऊन (सोल्डर करून) पाय लावले तर पुढचा छापील ५ करपणार नाही ना? कोणी केलंय का? की पाय आधी लावून डायल नव्याने छापून घेऊ?