मदत हवी आहे: केळ्यातून निघालेले धागे डीएनएचेच का?

लेकीच्या बारावीच्या प्रोजेक्टसाठी काल ओट्यावरच केळ्यातून डीएनए काढला. केळं कुस्करलं, मीठ आणि भांडी घासायचं लिक्विड घातलं, चहाच्या गाळणीने गाळलं आणि ग्लासच्या कडेने फ्रीजरमधलं गार स्पिरिट हळूच सोडलं. ५ मिनिटांत पांढरे, शेंबडासारखे धागे वर तरंगायला लागले. (सासूबाईंनी ती गाळणी बाद केलीय, ते वेगळंच.)

साबणाने पेशीचं आवरण फुटतं, मिठातला सोडियम हा डीएनएतल्या फॉस्फेट गटांचा ऋण प्रभार झाकतो, म्हणून अल्कोहोलमध्ये डीएनए साकळतो, इथवर कळलं. दुहेरी पेडाची जाडी जेमतेम २ नॅनोमीटर, म्हणजे दिसतो तो असंख्य रेणूंचा गुंता, हेही ठीक. पण फॉस्फेट आरएनएलाही (पेशीतला डीएनएचा भाऊबंद रेणू) असतात, मग तोही त्यातच आला असणार ना? शिवाय केळ्यातलं पेक्टिनही (जॅम घट्ट करणारा पदार्थ) अल्कोहोलमध्ये असंच साकळतं.

घरच्या घरी हे वेगळं ओळखता येईल का? लेक म्हणते, रायबोज साखरेवरच्या जादा ओएच गटामुळे आरएनए अल्कलीत लवकर तुटतो, तर धुण्याचा सोडा घालून बघू. तेवढ्याने भागेल की आरएनए तोडणारं आरएनएज एन्झाइमच लागेल? सोमवारी प्रोजेक्ट द्यायचाय.